जेलमधले ते व्रण आणि एका पिक्चरचे चार शेवट

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2004 च्या 'द बटरफ्लाय इफेक्ट'मध्ये इव्हान जेलमध्ये असतो, कोठडीतल्या कार्लोसला भूतकाळात जायची आपली शक्ती पटवायला तो स्वतःच्या लहानपणात जातो, बाईंच्या टेबलावर कागद टोचून ठेवायच्या ज्या टोकदार सळया असतात त्यांच्यावर दोन्ही तळहात आपटतो, परत येतो आणि कार्लोसच्या डोळ्यांदेखत तळहातांवर व्रण उमटतात. तर हा प्लॉट होल आहे का, की आपल्यालाच कळलं नाही? आणि या पिक्चरचे चार शेवट आहेत, त्यातला खरा कुठला मानायचा?

पहिल्याचं उत्तर, हो, होल आहे, आणि हत्ती जाईल एवढं आहे. दुसरा प्रश्न मात्र जरा वेगळ्या पद्धतीने विचारायला हवा, त्याकडे येतो. मी 18 वर्षं एडिटिंग करतोय, त्यात तीन कामं टाइम ट्रॅव्हलची होती, त्यातलं एक पडद्यापर्यंत पोचलंच नाही, त्यामुळे हा विषय म्हणजे माझा दुखरा दात आहे, लांबण लागणार हे आधीच सांगतो. खाली बऱ्याच पिक्चरांचे शेवट फुटणार आहेत, नको असेल तर इथेच थांबा.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. 'भूतकाळात जाताच येत नाही' ही तक्रार प्लॉट होलमध्ये मोडत नाही. ते तिकीट काढतानाच कबूल केलेलं असतं. टाइम ट्रॅव्हलचा पिक्चर सुरुवातीच्या अर्ध्या तासात प्रेक्षकाशी एक बोली करतो, की आमच्यात काळ असा असा चालतो. मग ती बोली कितीही अचाट असू दे, पण पुढे जाऊन पिक्चरने स्वतःच ती मोडली आणि मोडताना काही कारणही दिलं नाही, की होल पडलं. एवढंच बघायचं असतं. बाकी मग 'त्याने आधीच जाऊन अमुक का नाही केलं' वगैरे जे असतं ते निम्म्या वेळा होल नसतंच, माणूस घाबरलेला असतो, मूर्ख असतो, नाही सुचलं त्याला, आपल्याला तरी वेळेवर कुठे काय सुचतं.

बोली साधारण तीन प्रकारच्या. एक म्हणजे जे झालं ते झालं, तुम्ही मागे गेलात तरी तुमचं जाणं आधीच त्यात धरलेलं होतं. 1995 चा 'ट्वेल्व्ह मंकीज' तसा आहे. लहानपणी विमानतळावर ज्या माणसाला मरताना पाहिलं तो आपणच होतो हे शेवटी कळतं आणि काहीही बदलत नाही. दुसरी म्हणजे बदलता येतं, आणि बदललं की जुनं पुसलं जातं, 1985 चा 'बॅक टू द फ्युचर', तो फोटोतली भावंडं एकेक करून विरत जाणारा. तिसरी म्हणजे फांदी फुटते, जुनं जग तिथेच राहतं आणि बदललेलं जग शेजारी वेगळं वाढतं. मराठीत वाचणाऱ्याला हे नवीन नाही, नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये प्राध्यापकमहाशय थेट अशा जगात जाऊन पडतात जिथे मराठे पानिपत जिंकलेत, आणि तरी आपलं 1761 आपल्या जागी तसंच आहे, वर पुरावा म्हणून बखरीचं एक फाटकं पान खिशात. फांदीवाल्या बोलीत आजोबांना मारण्याचा घोळ (मागे जाऊन आजोबांनाच मारलं तर मारणारा जन्मला कसा) होतच नाही कारण मेलेले आजोबा दुसऱ्या फांदीवरचे असतात. पण त्याची किंमतही असते, जी लोक विसरतात. तुम्ही ज्यांना वाचवलंत ते तुमचे नव्हतेच. तुमची माणसं मागे मेलेलीच राहिली. लेखकाने ही किंमत दाखवली नाही तर तर्क बरोबर असूनही पिक्चर खोटा वाटतो, आणि प्रेक्षकाला का खोटा वाटतोय ते सांगता येत नाही.

आता इव्हानकडे. या पिक्चरची गंमत आणि गोची अशी की तो दोन बोल्या एकाच वेळी करून बसलाय.

लहानपणीचा तो वडिलांना भेटायचा सीन आठवा. मनोरुग्णालयात पोरगा वडिलांसमोर बसतो, मध्येच त्याची शुद्ध हरपते, आणि शुद्धीवर येतो तेव्हा वडील त्याचा गळा आवळत असतात. तेव्हा आपल्याला वाटतं बाप वेडा आहे. खूप नंतर कळतं की त्या हरवलेल्या मिनिटांत मोठा इव्हानच त्या लहान शरीरात येऊन बापाशी बोलत होता, आणि ते बोलणं ऐकूनच बाप उठला. म्हणजे काय, मोठ्या इव्हानची भेट पहिल्यापासून घडलेलीच होती. ही पहिली बोली झाली, बंद वर्तुळ. माझ्या मते पूर्ण पिक्चरमधला सगळ्यात घट्ट विणलेला सीन हाच.

आणि तोच पिक्चर दुसरीकडे सांगतो की मागे जाऊन बदल केला की अख्खं आयुष्य नवं, कॉलेज नवं, मित्र नवे, एका आयुष्यात तर हातच नाहीत. म्हणजे दुसरी बोली. यातही इव्हानला स्वतःला जुनं सगळं आठवतं आणि बाकी कुणाला काहीच आठवत नाही, हे पिक्चरने नीट सांगितलंय. सुरुवातीला सिगारेटने पोट भाजतं आणि परत आल्यावर तिथे जुना डाग असतो, आजूबाजूच्यांना त्यात काहीच नवल नाही, बरोबरच आहे, त्यांच्या दृष्टीने तो डाग वर्षानुवर्षं तिथे आहे.

दोन बोल्या एकत्र नांदवता येतात हो, ओढूनताणून का होईना. पण कार्लोसच्या सीनमध्ये तिसरीच निघते. व्रण उमटताना कार्लोसला दिसतात! तो का बघू शकतो? इव्हानने सातव्या वर्षी हात फोडून घेतले असतील तर कार्लोसला इव्हान जेलमध्ये आल्या दिवसापासून व्रणवालाच माहीत असायला हवा. त्याने खांदे उडवून 'हे तर पहिल्यापासूनच आहेत की' म्हणायला हवं होतं. थोडक्यात बदल भूतकाळात झाला आणि बातमी आली ती थेट प्रक्षेपणासारखी. 2012 च्या 'लूपर'मध्येही हेच आहे, तरुण माणसाची बोटं छाटत जातात आणि भविष्यातून आलेल्या, पळणाऱ्या त्याच माणसाच्या म्हाताऱ्या रूपाची एकेक नाहीशी होत जातात, पण तिथे तो म्हातारा स्वतःच बघतोय, आणि तो सीन लवकर येतो, त्यामुळे तोच बोलीचा भाग होऊन बसतो. शिवाय त्या पिक्चरला आपलं पितळ माहीत आहे, हॉटेलातल्या टेबलावर ब्रूस विलिस सरळ सांगतो की आता स्ट्रॉ मांडून आकृत्या काढत बसायचं नाहीये. लेखकाने हात जोडून मागितलेली सूट आहे ती. मी दिली.

पण जेलच्या सीनमधलं खरं मोठं भोक याच्याही खाली आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पिक्चरचं नावच फुलपाखरावरून आहे ना? ती कल्पना जिथून आली ते बघा. एडवर्ड लॉरेन्झ, हवामानशास्त्रज्ञ, 1961 मध्ये कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित चालवत होते, एक गणित मध्यावरून परत चालवायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा टाकला 0.506, मशीनच्या आत तो होता 0.506127. चौथ्या दशांशापासूनचा फरक. आणि थोड्याच वेळात दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. 1972 च्या त्यांच्या भाषणाच्या शीर्षकात ते फुलपाखरू आलं, ब्राझीलमध्ये त्याने पंख फडफडवले तर टेक्सासमध्ये वादळ उठेल का. आता या हिशोबाने विचार करा, सात वर्षांचं पोर भर वर्गात स्वतःचे तळहात फोडून घेतं. शाळेत हाहाकार, आई हादरलेली, डॉक्टर, मानसोपचार, कदाचित शाळाच बदलली. आणि इतकं सगळं होऊनही तो बरोब्बर त्याच गुन्ह्यात, त्याच जेलमध्ये, त्याच कोठडीत, त्याच कार्लोससमोर, त्याच मिनिटाला येऊन बसतो, फक्त तळहातांवर दोन ठिपके जास्त. दुसऱ्या सीनमध्ये एका वाक्याने अख्खं आयुष्य उलटं होतं आणि इथे रक्ताच्या चिळकांड्या उडूनही काही हलत नाही. म्हणजे नाव फुलपाखराचं आणि सीन गेंड्याचा.

मग दिग्दर्शकांना कळलं नव्हतं का? कळलं असणार, एडिट टेबलवर तर नक्कीच कळतं, पण सीन गाजणार हेही कळतं. मी सांगतो असं का होतं. तो सीन कागदावर असतो तेव्हा सगळ्यांना गरज फक्त एवढीच असते की कार्लोसने मदत करायला तयार व्हावं, आणि कार्लोस धार्मिक आहे, तळहाताचे व्रण म्हटल्यावर ख्रिस्त आठवणार, मस्त जमतंय. हे इतकं जमतंय की बोली तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. सगळ्यात वाईट होल नेहमी सगळ्यात सुंदर सीनच्या पोटात असतं, कारण बाकीच्या सीनना लोक प्रश्न विचारतात.

माझ्याकडे हा सीन आला असता तर मी तो काढला नसता. उलटा लावला असता. इव्हान मागे जातो, हात फोडतो, परत येतो, बघतो तर समोरचा कार्लोस आधीसारखा संशयाने बघत नाहीये, त्याच्या पायाशी बसलाय, शांत, कोठडीच्या भिंतीवर क्रॉस कोरलेले, आणि म्हणतोय की तू आलास त्याच दिवशी हे हात बघून मी ओळखलं होतं, आज कुणाला मारायचंय ते सांग. बोली शाबूत राहते, कारण कार्लोसला व्रण पहिल्यापासून माहीत. काम तेच होतं. आणि वर अंगावर काटा येतो कारण इव्हानला कळतं की आपण एक भक्त तयार करून ठेवला आणि ती वर्षं आपल्याला आठवतही नाहीत. कोठडी तीच का हा प्रश्न तरीही उरतो, पण एका सीनमध्ये एक उसनवारी चालते, तीन चालत नाहीत.

अशा भोकांचं एडिटशी फार जवळचं नातं आहे, कारण कितीतरी भोकं लिहिताना नसतात, कापताना पडतात. 1989 चा 'बॅक टू द फ्युचर'चा दुसरा भाग घ्या. त्यातला खलनायक, म्हातारा बिफ, 2015 मधून काळात नेणारी गाडी चोरून 1955 ला जातो, तरुण बिफला खेळांच्या निकालांचं पुस्तक देतो आणि परत येतो, कुठे, तर त्याच न बदललेल्या 2015 मध्ये. लोक गेली 35 वर्षं यावर भांडतायत. गाडीतून उतरताना तो छाती धरून कळवळतो, एवढंच पिक्चरमध्ये आहे. पण शूट केलेला एक तुकडा आहे ज्यात तो लगेच विरून नाहीसा होतो, म्हणजे बदललेल्या इतिहासात तो तोपर्यंत जिवंतच नव्हता. तुकडा कापला आणि लंगडं का होईना जे उत्तर होतं ते गेलं. मी एडिटर म्हणून कापणाऱ्याला दोष देणार नाही, त्या क्षणी प्रेक्षकाला बिफने काय केलंय हेच माहीत नसतं, म्हातारा अचानक हवेत विरला तर थिएटरमध्ये सगळे शेजाऱ्याला विचारत बसणार. तर्क वाचवायचा की लय, यात लय जिंकते. नेहमीच. मी पण तेच केलं असतं.

माझ्या स्वतःच्या एका कामात असंच झालेलं. नायिका तिच्या आईला तारीख लिहिलेली एक चिठ्ठी देते, आईने ती जपून ठेवलेली असते, मोठेपणी तीच चिठ्ठी नायिकेला सापडते आणि ती मागे जाऊन देते. आता ती चिठ्ठी लिहिली कुणी? कुणीच नाही, शिवाय प्रत्येक फेरीत कागद जुना होत जाणार, शंभराव्या फेरीला भुगा व्हायला पाहिजे. स्क्रिप्टमध्ये मधे एक छोटा सीन होता, ती चिठ्ठीचा मजकूर नव्या कागदावर उतरवते, जुनी फाडते. कागदाचं म्हातारपण तरी सुटत होतं, मजकूर कुणाचा हे कोडं मुद्दाम ठेवलेलं. निर्मात्याला सीन 'स्लो' वाटला, 40 सेकंदांचा सीन, मी पण मान डोलावली आणि उडवला. पहिल्याच खासगी शोला एका चौदा वर्षांच्या मुलीने उठून विचारलं की कागद पिवळा का नाही पडला. तेव्हापासून कापायच्या आधी मी प्रत्येक वस्तूची फेरी कागदावर काढून बघतो, माणसांची नंतर, आधी वस्तूंची. घड्याळ, चिठ्ठी, फोटो, जखम. माणसं खोटं बोलून निसटतात, वस्तूंना ते जमत नाही.

बरं, शेवटांकडे. चार शेवट असे. थिएटरमध्ये लागला त्यात इव्हान मागे जाऊन लहानग्या केलीला, म्हणजे जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या मैत्रिणीला, पहिल्याच भेटीत धमकावून कायमची दूर करतो, ज्या वाचून तो मागे जायचा त्या डायऱ्या जाळतो, आणि आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दोघं एकमेकांच्या शेजारून जातात, तो थबकतो आणि पुढे निघून जातो. दुसऱ्यात तो वळून तिच्या मागे जातो. तिसऱ्यात दोघं थांबून बोलतात. आणि चौथा डिरेक्टर्स कटचा, त्यात तो स्वतःच्या जन्माची फिल्म बघून आईच्या पोटात पोचतो आणि नाळेने स्वतःचा गळा आवळतो.

खरा कुठला, असं नका विचारू. एवढंच बघा की पिक्चरने जे उधार घेतलंय ते कुठला शेवट फेडतो. दुसरा आणि तिसरा लगेच बाद, दोन तास सांगितलं की तिच्या आयुष्यात तू असणं हाच रोग आहे, आणि शेवटी पुन्हा तिच्या मागे? ते शेवट कुणाला तरी गोड तोंड करायला शूट झालेले वाटतात. उरले दोन. तर्काने बघितलं तर थिएटरवाला स्वच्छ आहे, इव्हान जिवंत आहे, ज्याने बदल केला तो बदल केल्यानंतरही अस्तित्वात आहे, कुठे गाठ पडत नाही. नाळवाल्यात आजोबांचाच घोळ आहे फक्त आजोबांच्या जागी स्वतः, जन्मलाच नाही तर मोठा होऊन मागे आला कोण. तरीही मला नाळवाला जास्त पिक्चरचा वाटतो. कारण त्या कटमध्ये फक्त शेवटची दोन मिनिटं वेगळी नाहीत, आधी हात बघणारी बाई आहे जी म्हणते तुला आयुष्यरेषाच नाही, आईचं आधीची मुलं मृत जन्मल्याचं सांगणं आहे, आणि मग शेवट आल्यावर डोक्यात ट्यूब पेटते की त्या आधीच्या मुलांनीही हेच केलं असेल का. बघा, इथे ती पहिली, बंद वर्तुळाची बोली परत येते, बापाच्या सीनवाली. म्हणजे तर्काची एक गाठ पडली पण पिक्चरच्या दोन बोल्यांपैकी एकीचा तरी हिशोब पुरा झाला. आणि म्हणूनच हा शेवट थिएटरच्या कटला नुसता चिकटवून बघू नका, आधीचे ते सीन नसतील तर तो निव्वळ क्रूर चाळा वाटतो.

शेवट बदलल्याने भोक बुजतं असं मात्र समजू नका. 1991 च्या 'टर्मिनेटर 2'चा एक शेवट शूट झालेला आहे, त्यात म्हातारी सारा बागेत बसलीये, युद्ध झालंच नाही, जॉन सिनेटर झालाय, सगळं गोड. तो काढून रात्रीचा धावता रस्ता ठेवला. जॉनचा बाप त्या युद्धाच्या भविष्यातून मागे आलेला, मग युद्धच झालं नाही तर त्याला मागे पाठवलं कुणी आणि जॉन आला कुठून, हा सवाल दोन्ही शेवटांना लागू आहे. पण बाग दिसली की तो सवाल तोंडावर येतो कारण जॉन समोर पोराला झोके देतोय, आणि रस्त्याच्या शॉटमध्ये भविष्य अजून अंधारात असल्याने तो पुढे ढकलला जातो. भोक तेच, फक्त त्याच्यावर गालिचा. आणि 1978 च्या 'सुपरमॅन'चं तर विचारूच नका. पृथ्वीभोवती उलटं उडून काळ मागे नेणं हा खरं तर दुसऱ्या भागासाठी ठरलेला शेवट, तो उचलून पहिल्यात लावला. त्यामुळे भोक अख्ख्या मालिकेला पडलं, हे जमत असेल तर पुढे कधीही काहीही बिघडलं तर काळजी कसली? 2006 मध्ये पहिल्या भागाचे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांचा दुसऱ्या भागाचा कट आला आणि त्यात शेवटी पुन्हा तेच, आता दोन्ही भाग पाठोपाठ बघा म्हणजे तोच जुगार दोनदा.

कधीकधी करणाऱ्यांनाच ठरवता येत नाही. 2019 च्या 'एंडगेम'मध्ये स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, यंत्राने भूतकाळात जातो आणि शेवटी म्हातारा होऊन बाकावर बसलेला दिसतो. दिग्दर्शक म्हणाले तो दुसऱ्या फांदीत जगून परत आला, लेखक म्हणाले तो याच जगात गुपचूप जगत होता. एकच शॉट, दोन बोल्या, आणि दोन्ही बाजूंनी पिक्चर बनवणारेच. पिक्चरमध्ये आधी जे सांगितलंय, की मागचं बदलून आपलं आजचं बदलत नाही, त्याला दिग्दर्शकांचं म्हणणं जास्त धरून आहे, पण मग तो यंत्राच्या चौथऱ्यावर न उगवता बाजूच्या बाकावर कसा आला हे त्यांनी दाखवायला हवं होतं. लेखकांचं म्हणणं शॉटला धरून आहे, नियमाला नाही. मी दिग्दर्शकांच्या बाजूचा, पण बाकाची जागा चुकली.

भोक न पडू देण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय जो मी पाहिलाय तो 2004 च्याच 'प्रायमर'चा. सुमारे 7000 डॉलरमध्ये झालेला पिक्चर. त्यातली पेटी ज्या क्षणी चालू केली त्याच्या मागे जाताच येत नाही, आणि सहा तास मागे जायचं तर सहा तास आत पडून राहावं लागतं. झालं, 'मग आणखी मागे का नाही गेला' हा अर्धा इंटरनेट खाणारा प्रश्न एका ओळीत संपला. भौतिकशास्त्रातल्या विचारांशीही हे जुळतं, किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्याचं, टाइम मशीन कागदावर मांडलं त्यातही यंत्र तयार होण्याआधीच्या काळात जाता येत नाही. अर्थात त्या पिक्चरमध्ये पुढे कोण कितव्या फेरीतला आहे हे कळायला मला तीनदा बघावा लागला आणि एका रविवारी वहीची चार पानं गेली, पण समजत नसणं म्हणजे होल नव्हे, मांडणी केली की जुळतं ते.

इव्हानचं असं वहीत मांडून बघायचं असेल तर पान तीन रकान्यांत विभागा: काय बदललं, कुणाला आठवतंय, कुणी बघितलं. जेलपर्यंत तिसरा रकाना रिकामा राहील. आणि तिथे एकच नाव येईल.